वावरातला गोटा: हत्यार की नुसता दगड?

वाचकाचं पत्र:

"आमचं वावर कळमेश्वर तालुक्यात, नाल्याकाठच्या बरडीवर आहे. नांगरटीत निघणारे वेगळ्या आकाराचे गोटे मी बऱ्याच वर्षांपासून जमवतो आहे. आता संत्र्याचे चार क्रेट भरले. व्हॉट्सॲपवर फोटो टाकले तर एक जण म्हणतो आदिमानवाची कुऱ्हाड, दुसरा म्हणतो नुसता दगड, तिसऱ्यानं तर एक गोटा पाच हजारांत मागितला. माझी आठवीतली मुलगीही त्याच वावरातून काचेसारखे बारीक तुकडे वेचून कंपासपेटीत ठेवते, त्याचाही एक फोटो सोबत पाठवतो. येत्या उन्हाळ्यात तिथंच शेततळं खोदायचं आहे. खरं हत्यार कसं ओळखायचं? विकलं तर चालतं का? आणि मुलीच्या शाळेवाले प्रदर्शनासाठी मागतात, तर द्यावेत का?
– एक संत्रा बागायतदार"

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: मुलगी काचेसारखे बारीक तुकडे वेचते. क्रेटमधल्या गोट्यांचे तुम्ही बावीस फोटो पाठवलेत आणि कंपासपेटीचा एकच, तोही जरा हललेला. तरी मी तो एक फोटो मोठा करकरून पाहिला. त्यातले निदान दोन तुकडे माणसाच्या हातानं घडलेले आहेत, असं मी फोटोवरूनही म्हणू शकते. गोट्यांपैकी एकाबद्दल तसं म्हणता येतं, बाकीच्यांबद्दल नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण तुमची इतक्या वर्षांची मेहनत फुकट गेलेली नाही. तुमचं वावर खरोखरच महत्त्वाचं असू शकतं. तुम्ही त्यातलं चुकीचं टोक धरलंत, एवढंच.

तुम्ही हे गोटे का उचलले ते फोटो पाहताच कळतं. एक बदामी आकाराचा आहे, एक चेंडूसारखा गोल, एकाला पक्ष्याची चोच दिसते, एकात अंगठा बरोबर बसेल असा खळगा आहे. आपला डोळा आकारावर जातो, आणि आकार ओळखीचा वाटला की "हे कोणीतरी केलंय" असं मन म्हणतं. त्यात प्रत्येक गोट्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "हातात पक्का बसतो." पण वाहत्या पाण्यानं किंवा ऊनपावसानं गोलसर झालेला मुठीएवढा कोणताही दगड हातात पक्का बसतो, कारण हातच त्याच्याभोवती वळतो. हातात बसणं हा पुरावा धरायचा नाही, एवढं पहिल्यांदा मनाशी ठरवून टाका.

मग हे आकार आले कुठून? नागपूर दख्खनच्या लाव्हाच्या अगदी पूर्व कडेला आहे. शहराच्या पश्चिमेला, म्हणजे तुमच्या बाजूला, काळा फत्तर. पूर्वेला गेलं की त्याहून कितीतरी जुने खडक लागतात आणि कामठीकडे वालुकाश्म. काळ्या फत्तराला जात्याच उभ्या-आडव्या भेगा असतात. त्यांतून पाणी मुरतं आणि ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, कारण तिथं दोन-तीन बाजूंनी मार बसतो. पापुद्रे सुटत जातात आणि मधे टणक गोल गाभा उरतो. तुमचे सगळे "चेंडू" असे तयार झालेत. असा चेंडू नांगराच्या फाळानं किंवा उन्हाच्या तडाख्यानं फुटला की एक बाजू फुगीर, एक सपाट असा तुकडा हाती येतो आणि तो हातकुऱ्हाडीसारखा भासतो. तुमचा तिसऱ्या फोटोतला बदामी गोटा तसाच आहे. खऱ्या हातकुऱ्हाडीची कड दोन्ही बाजूंनी घाव घालून काढलेली असते. एक घाव इकडून, दुसरा तिकडून, त्यामुळे कड बाजूनं पाहिली तर नागमोडी जाते. तुमच्या गोट्याची कड गोलसर आहे आणि तिच्यावर एकाही घावाची खूण नाही. पक्ष्याच्या चोचीबद्दल वेगळं लिहीत नाही. प्राणी, पक्षी, माणसाचा चेहरा दिसणारे दगड मला फार येतात आणि त्या सगळ्यांची कथा एकच असते.

एक सावधगिरी मात्र सांगते. काळ्या फत्तराच्या खऱ्या हातकुऱ्हाडी महाराष्ट्रात सापडल्या आहेत, प्रवरेकाठी नेवाशाजवळच्या चिरकीला तर मोठ्या संख्येनं. चंद्रपूरजवळची पापामियाँ टेकडी हीसुद्धा पुराणाश्मयुगाची, म्हणजे दगडी हत्यारांच्या सगळ्यात जुन्या काळाची जागा आहे. म्हणजे आपल्या विदर्भात असं काही मिळणारच नाही असं नाही. अडचण अशी की फत्तर मातीत लाखो वर्षं राहिला की त्याचा पृष्ठभाग कुजतो आणि घावांच्या कडा पुसट होतात. तुमच्या क्रेटमध्ये अकराव्या फोटोतला एक दगड मी त्यासाठी बाजूला ठेवायला सांगीन. त्याच्या एका कडेला तीन खोलगट जागा एकापाठोपाठ दिसतात. मी "हो" म्हणत नाही, "नाही" असंही म्हणत नाही. तो हातात घेऊनच ठरवावा लागेल.

आता घाव म्हणजे काय ते नीट सांगते, कारण सगळी ओळख तिथंच आहे.

लाव्हारस थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत सिलिकाचं पाणी झिरपून अकीक, कॅल्सिडोनी, जॅस्पर असे दगड तयार झाले. आपण त्या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणतो. मुलीला ते काचेसारखे वाटतात यात तिचं काही चुकत नाही, कारण ते फुटतातही काचेसारखेच. त्यांना आतून थर नसतात, त्यामुळे भेग दगडाच्या मर्जीनं जात नाही, घावाच्या दिशेनं जाते. म्हणून तर माणसानं हे दगड निवडले. कडेजवळ नेमक्या जागी टोला बसला की एक छिलका सुटतो. त्या छिलक्याच्या डोक्यावर, जिथं टोला बसला, तिथं लहानशी सपाट जागा राहते. तिच्या लगेच खाली, आतल्या अंगाला, बोटाला जाणवेल असा फुगवटा असतो, आणि त्या फुगवट्यापासून मंद लाटा खालपर्यंत पसरलेल्या दिसतात. ज्या दगडावरून छिलका सुटला त्या गाभ्यावर याच्या उलट, म्हणजे फुगवट्याच्या जागी खळगा.

हे बघायला भर दुपारचं ऊन कामाचं नाही. सकाळी तिरपं ऊन असताना बघा, नाहीतर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बाजूनं, अगदी आडवा धरून पाडा. सपाट डोकं वरच्या बाजूला ठेवून छिलका हळूहळू फिरवा. लाटा उजेडात उठून येतील. मुलीला सोबत घ्या, लहान डोळ्यांना हे लवकर दिसतं.

पण एवढ्यावर थांबायचं नाही. एक घाव निसर्गालाही घालता येतो. काठावरून गोटा गोट्यावर पडला की फुगवट्यासकट छिलका निघू शकतो. माणूस ओळखू येतो तो घावांच्या क्रमावरून. त्याचे घाव एका बाजूनं, एका दिशेनं, एकमेकांना धरून येतात, आणि आधीच्या घावानं उरलेली धार पुढच्या घावाला वाट दाखवते. नंतरचा घाव आधीच्या घावाची कड कापतो, त्यामुळे कोणता आधी आणि कोणता मागून हे नीट बघितलं तर वाचता येतं. नाल्यात गडगडणाऱ्या गोट्याला असा क्रम नसतो. त्याला सगळीकडून, कसेही, बहुतेक बारीक टोले बसलेले असतात आणि त्याच्या कडा झिजलेल्या असतात.

म्हणून कंपासपेटीतला तो फिकट पिवळा तुकडा मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्या दोन्ही कडा समांतर आहेत आणि पाठीवर लांबीनं गेलेले दोन कणे आहेत. हे पातं आहे. लांबी रुंदीच्या दुप्पट किंवा जास्त आणि कडा समांतर असलेल्या छिलक्याला पातं म्हणतात. पाठीवरचे कणे म्हणजे त्याच गाभ्यावरून आधी निघालेल्या पात्यांच्या खुणा, म्हणजे हे एक पातं हातात आलं की त्याच्या आधीच्या दोन-तीन पात्यांचाही पुरावा हातात आला. त्याची दोन्ही टोकं मोडलेली आहेत, पण त्यामुळे त्याची किंमत कमी होत नाही. अशी पाती पुष्कळदा मुद्दाम मोडत आणि त्यांचे तुकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीनं, डिंकासारख्या चिकट पदार्थानं बसवत. त्याच्या बाजूचा नखाएवढा मळकट खडा म्हणजे गाभा दिसतो. त्याच्या एका अंगावर बारीक पन्हाळ्या शेजारी शेजारी उतरलेल्या आहेत. मोठ्या माणसानं तो उचललाच नसता, इतका तो सामान्य दिसतो. तिसरा चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा आहे. त्याची वळणदार पाठ बारीक टवके काढून बोथट केली आहे का, ते या फोटोत दिसत नाही. तेवढ्या एका तुकड्याचा, शेजारी पट्टी ठेवून, जवळून फोटो पाठवा. पाठ बोथट केलेली निघाली तर ते अस्सल सूक्ष्मास्त्र, म्हणजे खोबणीत बसवायचं बारीक दगडी अवजार.

पेटीतले बाकीचे तुकडे म्हणजे घडवताना पडलेला कचरा आहे. तो फेकू नका. कोणत्याही घडवण्याच्या जागेवर अवजारं थोडी आणि कचरा पुष्कळ असतो. एखादं अवजार माणूस वाटेत हरवू शकतो, पण गाभा, पाती आणि कचरा एकत्र सापडले तर कोणीतरी तिथं बसून काम केलं होतं. अभ्यासकाला याचंच मोल जास्त.

यावरून काळ ठरवायला मात्र जाऊ नका. व्हॉट्सॲपवर कोणीतरी लगेच "दहा हजार वर्षं" लिहील. अशी बारीक पाती मध्य प्रदेशातल्या मेहताखेडीला सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत मिळाली, आंध्रातल्या ज्वालापुरमला सुमारे ३५ हजार. आणि आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचे शेतकरी, ज्यांना तांबं माहीत होतं, तेही इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात कॅल्सिडोनीची पाती वापरत होते. त्यामुळे नुसतं पातं पाहून हजारो वर्षांचा फरक सांगता येत नाही.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. काटोल रोडवरचं माहुरझरी हे प्राचीन काळी मणी घडवण्याचं मोठं ठिकाण होतं. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं उत्खनन झालं. अकीक आणि तांबड्या कार्नेलियनचे मणी करताना आधी खड्याला बारीक टवके काढून चौकोनी किंवा पिंपासारखा आकार देत, मग घासत, मग भोक पाडत. त्या कामातही छिलके पडतात आणि त्यांनाही फुगवटा, लाटा सगळं असतं, कारण घाव माणसाचाच. म्हणून एखाद्या खड्याला चहूबाजूंनी टवके काढलेले दिसले, किंवा एका टोकाला अर्धवट पाडलेलं भोक दिसलं, तर तो घडता घडता बिघडलेला मणी असू शकतो. त्याचा काळ सूक्ष्मास्त्रांपेक्षा पार वेगळा, लोखंड आल्यानंतरचा. असा खडा मिळाला तर तो वेगळ्या पुडीत ठेवा.

आजच्या काळात दगड फोडणारेही पुष्कळ आहेत. रोटाव्हेटरची पाती गोट्यांचे टवके काढतात. असा टवका ओळखायची सोपी खूण म्हणजे रंग: जुना पृष्ठभाग पिवळसर, दुधी किंवा तपकिरी झालेला असतो आणि नव्या घावाची जागा ताजी, आतल्या रंगाची दिसते. कधी त्या जागेवर लोखंडाची गंजकट रेघही राहते. पऱ्हाट्या वावरात जाळल्या की त्याखालच्या गारगोट्या तापून तडकतात. आगीनं उडालेल्या टवक्याची जागा बशीसारखी उथळ असते, तिच्या कडेला टोल्याची सपाट जागा नसते, आणि दगडावर बारीक जाळीदार भेगा दिसतात. पांदणीवर टाकलेली क्रशरची गिट्टी तर फारच फसवते, तिला खरे घाव असतात. पांदणीपासून काही अंतरापर्यंत सापडलेल्या काळ्या धारदार तुकड्यांवर भरवसा ठेवू नका. दुसरीकडच्या खाणीतून आणलेला मुरूम जिथं पसरलाय तिथलं काहीच मोजू नका, तो दगड कुठला होता हे कोणी सांगू शकणार नाही. आणि चकमक विसरू नका. काडेपेटी घरोघरी पोचण्याआधी पोलादाच्या पट्टीवर गारगोटी मारून विस्तव करत. तशा गारगोटीची कड बारीक टवके उडून चेचलेली असते.

माणसानं नक्की घडवलेला गोटा म्हणजे सतराव्या फोटोतला लांबोळा, एका बाजूनं गुळगुळीत, मधे किंचित खपलेला तुकडा. तो वरवंट्याचा तुकडा आहे. पण दगडावर दगड घासून वाटण्याचं काम हजारो वर्षांपूर्वीही चालायचं आणि तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरातही चालायचं. नुसत्या झिजेवरून त्याचं वय कळत नाही. घरातल्या जाणत्या बाईला दाखवा. जुना गोठा किंवा घर त्या जागी होतं का, तेही विचारा.

आता ज्यासाठी मी हे लांबलचक उत्तर लिहायला बसले ते सांगते. दगड कुठं पडला होता हे गेलं, की दगडानं सांगण्यासारखं बहुतेक सगळं गेलं. तुमच्या चार क्रेटमधला एकही गोटा नेमका कुठून उचलला, हे आज तुम्हाला सांगता येणार नाही. कंपासपेटीतल्या तुकड्यांबद्दल मुलीला कदाचित अजून आठवत असेल. आजच तिच्याजवळ बसा आणि वावराचा नकाशा काढून त्यावर खुणा करवून घ्या.

तुमच्याकडे तर हे काम सोपं आहे, कारण संत्र्याची बाग म्हणजे आयतेच चौकोन. झाडं सहा-सहा मीटरवर असतील तर ओळ आणि झाड मोजलं की जागा ठरली: "नाल्याकडून चौथी ओळ, बारावं झाड." जिथं बाग नाही त्या मोकळ्या भागात धुऱ्यापासूनची पावलं मोजा. मोबाइलवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश घ्या. फोटो काढताना तुकड्याशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा, एक फोटो जवळून आणि एक लांबून, आजूबाजूची जमीन दिसेल असा. पहिल्या पावसानंतर माती धुपून तुकडे उघडे पडतात, तेव्हा बघणं सगळ्यात चांगलं. आणि इथून पुढे उचलू नका. फोटो काढा, जागा लिहा, तुकडा तिथंच राहू द्या. मुलीला हे जड जाईल, तिला कारण समजावून सांगा. एका चौकोनात तीस तुकडे आणि शेजारच्या चौकोनात एकही नाही, असं निघालं तर तुमच्या वहीतली ती नोंद कोणत्याही एका हत्यारापेक्षा मोठी आहे.

१८६३ च्या मे महिन्यात मद्रासजवळ पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला एका खड्ड्यातल्या खडीत घडवलेला दगड मिळाला. तो एका दगडावर थांबला नाही. त्याच वर्षी त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं अत्तिरमपक्कमला जागेवरची हत्यारं शोधून काढली, आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास तिथून सुरू झाला. योगायोग असा की आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, त्याच साली सुरू झालं, आणि त्याच साली टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना नागपूरचे मिशनरी आणि भूगर्भाचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून गेले.

शिलावर्तुळांवरून एक विचारते, पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाही. तुमच्या किंवा शेजारच्या वावरात मोठाल्या गोट्यांचं कडं आहे का? आतला भाग जरा उंच, बारीक गोट्यांनी भरलेला? नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत, आणि त्यांतल्या काही शिळांवर वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. ती बृहदश्मयुगीन दफनं, म्हणजे मोठ्या शिळा लावून केलेली थडगी आहेत, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. लोक त्यातले गोटे धुऱ्याला लावतात, आतली जागा नांगरतात, आणि वर्तुळ दोन-चार हंगामांत नाहीसं होतं. असं काही असेल तर एकही गोटा हलवू नका.

शेततळ्याबद्दल स्पष्ट सांगते: जेसीबी लावण्याआधी जागा दाखवून घ्या. वावर तुमचं आहे आणि पाण्याची गरज खरी आहे, त्यामुळे तळं करूच नका असं मी म्हणणार नाही. पण नाल्याकाठची ही जागा एकदा खणली की तिथं काय होतं ते कोणालाच कळणार नाही. जवळपास संरक्षित स्मारक असेल तर कायदाही आडवा येतो. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम आणि खोदकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. नाल्याची उभी दरड आधी तपासा. त्या कापात मातीचे थर दिसतात, आणि एखादा छिलका मातीत घट्ट रुतलेला दिसला तर तो ओढून काढू नका, फोटो काढून ठेवा. वर पडलेल्या शंभर तुकड्यांपेक्षा थरात अडकलेला एक तुकडा अभ्यासकाला जास्त सांगतो, कारण त्या थराचं वय काढता येतं.

दाखवायचं कोणाला? त्यासाठी पुण्या-मुंबईला जायला नको. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची प्रागैतिहासिक शाखा नागपुरातच आहे, आणि दगडी हत्यारं हे तिचं रोजचं काम आहे. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. जाताना क्रेट नेऊ नका. अकराव्या फोटोतला दगड, मुलीची पेटी आणि नोंदवही न्या, मुलीला सोबत न्या. आणि आधी लेखी अर्ज द्या, त्यावर वावराचा गट क्रमांक आणि तळ्याची तारीख टाका, म्हणजे विषय तातडीचा आहे हे समोरच्याला कळेल.

विकण्याबद्दल: विकू नका. पुरावस्तूंबद्दलच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते; तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाणी, तांब्याची भांडी, मूर्ती निघाली तर हा कायदा आठवा. पाच हजार देणाऱ्या माणसानं मागितलेला गोटा तर निव्वळ कुजलेला फत्तर आहे. पण एकदा पैसा दिसला की गावातली पोरं कुदळी घेऊन नाल्याकाठी उतरतात. ते होऊ देऊ नका, त्यानं फार नुकसान होतं.

पेटीबद्दल दोन गोष्टी. तुकडे ब्रशनं घासू नका, ॲसिड, लिंबू, तेल काही लावू नका. कडेवर वापराच्या अतिबारीक खुणा राहिलेल्या असू शकतात आणि त्या घासल्या की जातात. आणि ते एकमेकांवर आपटू देऊ नका. कंपासपेटीत खळखळले की नवे टवके पडतात आणि पुढे तेच घाव म्हणून दिसतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदी पुडीत ठेवा, पुडीवर जागा लिहा.

मुलीला स्वतः छिलका काढून बघायचा असेल तर जरूर काढू द्या, त्याशिवाय घाव कळत नाही. डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे, मोठं माणूस शेजारी. मात्र हे अंगणात पोतं अंथरून करा आणि निघालेला एकेक टवका गोळा करून घराच्या पायाभरणीत किंवा काँक्रीटमध्ये टाका. वावरात एकही पडता कामा नये. उद्या तिथं येणाऱ्या अभ्यासकाला तुमच्या अंगणातला ताजा छिलका आणि जुना छिलका यांत निष्कारण डोकं घालावं लागेल.

राहिलं शाळेचं. द्या, आनंदानं द्या, पण कंपासपेटीतले तुकडे देऊ नका, त्यांचे मोठे करून छापलेले फोटो द्या. क्रेटमधले गोटे मात्र खुशाल मांडा. बदामी गोटा, चेंडू, चोचवाला, क्रशरची गिट्टी, पऱ्हाट्यांच्या आगीत तडकलेली गारगोटी, वरवंट्याचा तुकडा, सगळे एका टेबलावर. प्रत्येकाखाली चिठ्ठी लावा की हा कसा तयार झाला आणि तो हत्यार का नाही. टॉर्च ठेवा, पोरांना तिरपा उजेड पाडून स्वतः बघू द्या. चिठ्ठ्या मुलीलाच लिहू द्या. आणि प्रदर्शनात वावराचं नेमकं ठिकाण लिहू नका, फक्त तालुका लिहा.